हप्त्याएवढे पैसे भरूनही हप्ता पुन्हा पुन्हा परत जातोय? आधी खात्यातला जुना खड्डा शोधा

"खात्यात हप्त्याएवढे पैसे होते, तरी हप्ता बाऊन्स झाला." बँकेच्या काउंटरमागे बसून हे वाक्य मी पंचवीसेक वर्षं ऐकलं. निवृत्त झाले, तरी घरी पासबुक घेऊन येणाऱ्यांकडून अजून ऐकते. सांगणारा सहसा खरंच बोलत असतो. पैसे त्याने भरलेले असतात. पण त्याने भरल्यापासून हप्ता उचलला जाईपर्यंतच्या काही तासांत त्यातले थोडे दुसरीकडे गेलेले असतात, आणि ते कुठे गेले हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

गेल्या डिसेंबरात भाचा आला. चाकणच्या एका कारखान्यात आहे. दुचाकीच्या कर्जाचा हप्ता ४,२१५ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. हप्ता जातो ते खातं जुन्या नोकरीतलं सॅलरी अकाउंट. नव्या नोकरीचा पगार दुसऱ्या बँकेत, महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्यामुळे ४ तारखेला पगाराच्या खात्यातून या जुन्या खात्यात बरोब्बर ४,२१५ रुपये टाकायचे, असा त्याचा शिरस्ता. "आत्या, तीन महिने झाले, पैसे भरतोय आणि हप्ता परत जातोय. फायनान्सवाल्यांचे फोन कारखान्यात येतात. मी काय चोर आहे का?" हे बोलताना त्याचा आवाज चिरकला. बाऊन्सचा दंड भरून येतो, पण सुपरवायझरसमोर असा फोन घ्यावा लागणं माणसाला फार लागतं.

त्याचं स्टेटमेंट मी एकेक ओळ करून वाचलं. ते इथे मांडते, कारण दहातली सात खाती अशीच अडकलेली मी पाहिली आहेत.

५ ऑक्टोबर २०२५ ला रविवार होता. त्याला वाटलं, बँक बंद, म्हणजे हप्ता सोमवारी जाईल. पैसे सोमवारी सकाळी टाकू. पण १ ऑगस्ट २०२१ पासून नाच, म्हणजे ज्या व्यवस्थेतून हप्ते, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी रक्कम) आणि विम्याचे प्रीमियम उचलले जातात ती, आठवड्याचे सातही दिवस चालते, रविवारी आणि सणाच्या सुट्टीलाही. हप्ता रविवारी सकाळीच आला. खातं रिकामं होतं, हप्ता परत गेला. त्याने सोमवारी पगाराच्या खात्यातून यूपीआयने थेट फायनान्स कंपनीला पैसे भरले आणि विषय संपला असं समजला.

विषय संपला नव्हता. हप्ता परत गेल्याबद्दल बँकेने ५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून ५९० रुपये आकार लावला होता. खात्यात पैसे नसल्यामुळे तो वसूल झाला नाही, खात्यावर येणं म्हणून उभा राहिला. बँकेत याला लीन किंवा होल्ड म्हणतात. ४ नोव्हेंबरला भाच्याने ४,२१५ रुपये टाकले. त्याच रात्री यंत्रणेने जुने ५९० कापले. उरले ३,६२५. ५ तारखेला सकाळी हप्ता आला, पैसे अपुरे, परत गेला. पुन्हा ५९०. उरले ३,०३५. हप्ता त्याने पुन्हा यूपीआयने भरला.

४ डिसेंबरला त्याने शहाणपणाने आधी शिल्लक बघितली. ३,०३५ होते, त्यात १,२०० टाकले, झाले ४,२३५. वीस रुपये जास्तच. आणि त्या रात्री २३६ रुपये किमान शिल्लक न राखल्याच्या दंडाचे गेले. उरले ३,९९९. सकाळी हप्ता परत.

बँकेचे तीन वेळचे ५९० म्हणजे १,७७० आणि २३६, मिळून २,००६ रुपये. फायनान्स कंपनीचे प्रत्येक बाऊन्सला ४५० प्रमाणे १,३५०. एका रविवारच्या चुकीने तीन महिन्यांत ३,३५६ रुपये खाल्ले. पगारातून रोज दोनदा चहा टाळून पैसे वाचवणाऱ्या मुलाचे हे पैसे होते.

आधी काय तपासायचं

ॲपवर दिसणारी शिल्लक बघून थांबू नका. दोन आकडे असतात: एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक. लीन असेल तर दुसरा आकडा कमी दिसतो, आणि हप्त्यासाठी तोच खरा. काही ॲपवर लीनची रक्कम वेगळी दिसते, काहींवर दिसतच नाही. तेव्हा शाखेत जाऊन नेमका एकच प्रश्न विचारा: "माझ्या खात्यावर वसूल न झालेले चार्जेस किती आणि कशाचे आहेत?" नुसतं "बॅलन्स सांगा" म्हणालात तर बॅलन्सच सांगतील.

मग स्टेटमेंट पहिल्या बाऊन्सपासून पुढे वाचा. बहुतेक लोक शेवटच्या बाऊन्सपासून मागे जायला लागतात आणि हरवतात. पासबुकात या नोंदी "एसीएच रिटर्न", "ईसीएस रिटर्न चार्जेस" अशा तुटक अक्षरांत येतात. न कळल्यास पेन्सिलने खूण करून काउंटरवर विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे, लाज वाटायचं काही कारण नाही.

भाच्याच्या बाबतीत दुसरा खड्डा किमान शिल्लकीचा होता, आणि तो त्याला ठाऊकच नव्हता. सॅलरी अकाउंटला किमान शिल्लकीची अट नसते, पण पगार येणं बंद झालं की काही महिन्यांनी, साधारण तीन, बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि अट लागू होते. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाने जुनं सॅलरी खातं हप्त्यासाठी ठेवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरवावं.

किमान शिल्लक म्हणजे नेमकं काय

बऱ्याच बँकांची अट मासिक सरासरीची असते. म्हणजे रोज दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, महिन्याची बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचं. समजा अट १०,००० ची आहे आणि महिना ३० दिवसांचा. बेरीज तीन लाख हवी. पहिले वीस दिवस खात्यात ४,००० राहिले तर ८०,००० झाले. उरलेल्या दहा दिवसांत २,२०,००० हवेत, म्हणजे रोज २२,०००. एखाद्या दिवशी १०,००० दाखवून सरासरी भरत नाही, हे इथे लक्षात येतं. उलट, महिनाअखेर कळलं तरी मोठी रक्कम दोन-तीन दिवस ठेवून तूट भरता येते.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये यावर नियम केले, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. तूट पडल्याचं बँकेने आधी कळवायचं, ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा, मगच दंड घ्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निव्वळ या दंडामुळे बचत खातं उणे करता येत नाही. भाच्याला ऑक्टोबरच्या तुटीचा एसएमएस नोव्हेंबरात आला होता. त्याने तो जाहिरात समजून पुसला.

उणे न करण्याचा हा नियम किमान शिल्लकीच्या दंडापुरता आहे. बाऊन्सचा आकार मात्र लीन होऊन बसू शकतो. लोक या दोन गोष्टींची गल्लत करून शाखेत भांडतात आणि हरतात.

स्टेट बँकेने ही अट मार्च २०२० मध्ये काढली. २०२५ च्या मध्यात कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनीही साध्या बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. हप्त्यासाठी वेगळं खातं ठेवायचंच असेल तर अशा ठिकाणी ठेवणं बरं.

खड्डा कसा बुजवायचा

हप्ता, थकलेले आकार, आणि पुढच्या महिन्यात येऊ शकणारा दंड, एवढी बेरीज करून वर थोडी उशी ठेवायची. भाच्याच्या खात्यात डिसेंबरचे ५९० गेल्यावर ३,४०९ उरले होते. नोव्हेंबरच्या तुटीचे आणखी २३६ जानेवारीत कापले जाणार, हे शाखेत विचारून घेतलं. ३ जानेवारीला त्याने २,५०० टाकले. ५,९०९ झाले, २३६ गेले, ५,६७३ राहिले. ५ तारखेला ४,२१५ चा हप्ता बिनबोभाट गेला. चौथ्या महिन्यात साखळी तुटली.

पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत. हप्त्याची मागणी पहाटे-सकाळीच येते. "आज पाच तारीख, दुपारी टाकतो" हे चालत नाही.

हप्ता परत गेल्यावर तुम्ही यूपीआयने थेट कर्ज देणाऱ्या कंपनीला पैसे भरलेत, तर लगेच फोन किंवा ईमेल करून सांगा की मॅन्डेट (तुमच्या खात्यातून हप्ता उचलायला तुम्ही दिलेली परवानगी) वापरून तोच हप्ता पुन्हा लावू नका. बऱ्याच कंपन्या तीन-चार दिवसांनी तोच हप्ता परत लावतात. मग एक तर दुप्पट पैसे जातात किंवा आणखी एक बाऊन्स होतो. कंपनीचा स्वतःचा बाऊन्स आकार थकलेला आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. हप्ता भरला तरी ते ४५० रुपये कर्जखात्यावर उभे राहतात आणि कर्ज फिटल्यावर ना हरकत दाखल्याच्या वेळी डोकं वर काढतात. त्या थकबाकीवर व्याजावर व्याज चढवलेलं दिसलं तर हरकत घ्या. १ एप्रिल २०२४ पासून कर्जाच्या अटी मोडल्याचा दंड हा दंडच राहतो, मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही.

दर महिन्याला पगार आणि हप्ता यांची चुकामूक होत असेल तर तारीखच बदलून मागा. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला, अशा संसारात दर महिन्याला दोन दिवस उसनवारी करावी लागते. बऱ्याच कंपन्या अर्जावर तारीख बदलून देतात, मधल्या दिवसांचं थोडं व्याज घेतात. ते एकदाच द्यायचं असतं.

एसआयपीचं मला विशेष वाईट वाटतं. म्युच्युअल फंड कंपनी हप्ता चुकल्याचा दंड घेत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. दंड तुमची बँक घेते. ५०० रुपयांच्या एसआयपीसाठी ५९० रुपये गेलेले मी पाहिलेत. मासिक एसआयपी सलग तीनदा चुकली की रद्द होते, तोवर तीन दंड होऊन गेलेले असतात. हात आखडता असेल त्या महिन्यात आधीच एसआयपी थांबवण्याची सोय वापरा. थोडे दिवस आधी अर्ज करावा लागतो, आदल्या रात्री नाही.

चेक दिला असेल तर

चेक वटायला दोन दिवस लागतात, तोवर पैसे भरू, हा हिशेब आता सोडा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढे पाठवले जातात आणि वटला की नाही हे त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत ठरतं. सकाळी दिलेला चेक दुपारी तुमच्या खात्यावर येऊन उभा राहतो.

चेक परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागू शकतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यायची असते. नोटीस मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत पैसे दिले तर गुन्हा उभा राहत नाही. नाही दिले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हप्त्याच्या मॅन्डेटलाही अशीच तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. म्हणून वकिलाची नोटीस आली की पाकीट कपाटात ठेवू नका, घेण्याचं नाकारू नका. तारीख लिहून ठेवा, पैसे बँकेतूनच द्या आणि पावती जपा.

ओव्हरड्राफ्ट कधी कामाचा

दोन-चार दिवसांची ओढ असेल आणि घरात मुदत ठेव असेल, तर ती मोडू नका. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलण्याची सोय. ठेवीच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा मिळते आणि व्याज सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, तेही वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतं. २०,००० रुपये ८ टक्क्यांनी पाच दिवस वापरले तर व्याज होतं सुमारे २२ रुपये. एका बाऊन्सचे ५९० कुठे आणि हे २२ कुठे. ही सोय अडचण येण्याआधी करून ठेवायची. हप्त्याच्या सकाळी शाखेत धावून ती मिळत नाही.

जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद आहे, त्यात २,००० पर्यंत विनाअट. मात्र खातं नीट चाललेलं असावं लागतं आणि अर्ज करावा लागतो. आपोआप मिळणारी ही रक्कम नाही. आपल्या भागातल्या किती बायकांना हे माहीत नसतं, आणि त्या बचतगटातल्या सावकारीकडे किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात. ॲपचं कर्ज बाऊन्स टाळायला घेऊ नका. त्याचाही हप्ता याच खात्यातून जाणार असतो.

दुकानदारांच्या कॅश क्रेडिट खात्याचं, म्हणजे धंद्यासाठी मर्यादेपर्यंत उचल देणाऱ्या कर्जखात्याचं, दुखणं वेगळं. तिथे चेक "एक्सीड्स अरेंजमेंट", म्हणजे ठरलेल्या मर्यादेबाहेर, म्हणून परत येतो. मर्यादा पूर्ण वापरलेली असते आणि महिनाअखेर व्याज पडलं की खातं मर्यादेबाहेर जातं. सलग ९० दिवस तसंच राहिलं तर खातं थकीतात जातं. म्हणून व्याजापुरती जागा २८ तारखेलाच मोकळी ठेवा आणि स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे दुकानातल्या मालाचा हिशेब, वेळेवर द्या, कारण ते उशिरा गेलं की उचल मर्यादा कमी होते.

कापलेले पैसे परत मागता येतात का

मागावेत. शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहा, त्यात प्रत्येक नोंदीची तारीख आणि रक्कम द्या, आणि पहिला बाऊन्स कशामुळे, दुसरा कशामुळे, हे दोन ओळींत सांगा. पोच घ्या. एकाच हप्त्यासाठी दोनदा आकार लागला असेल, किमान शिल्लकीची पूर्वसूचना आली नसेल, किंवा बँकेच्या यंत्रणेमुळे पैसे उशिरा जमा झाले असतील, तर तुमची बाजू भक्कम आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

भाच्याने असा अर्ज दिला. नोव्हेंबरचे ५९० परत मिळाले, बाकीचे नाहीत.

आईवडिलांची खाती

या खात्यांमध्ये हप्ता नसतो, म्हणून कुणी बघत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे आले, तेव्हा जुन्या दंडापोटी ते कापून घेतल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. वर्षानुवर्षं साचलेला दंड पैसे आल्याबरोबर बाहेर आला. घरात कुणाच्या खात्यात अनुदान किंवा पेन्शन येत असेल तर ते खातं प्राथमिक बचत खात्यात बदलून घ्या, ज्याला बँकेत बीएसबीडी म्हणतात. किमान शिल्लक लागत नाही, महिन्यातून चार वेळा पैसे मोफत काढता येतात. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही.

आणि मे महिना. जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मेच्या शेवटच्या आठवड्यात उचलले जातात. ४५६ रुपये नसतील तर विमा संपतो, आणि ते बहुतेकदा माणूस गेल्यावर वारसांना कळतं. मी दरवर्षी २० मेला शेजारच्या तिघी म्हाताऱ्यांची पासबुकं भरून आणते आणि कमी असतील तिथे पाचशे-पाचशे रुपये भरायला लावते.

भाच्याचं मॅन्डेट जानेवारीत पगाराच्या खात्यावर हलवलं. जुनं खातं बंद करायला तो लगेच निघाला होता, मी थांबवलं. नवीन मॅन्डेटवरून ५ फेब्रुवारीचा हप्ता गेल्याची नोंद आधी दिसू दे, म्हटलं. ६ तारखेला त्याने मला स्टेटमेंटचा फोटो पाठवला आणि मग शाखेत गेला.